‘हृदय मोठें झालें आहे’

कोणत्याहि घरांत ‘हृदयविकार’ हा शब्द उच्चारला गेला म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मनांत प्रथम येते ती छातींतील कळ, आणि तिच्या मागोमाग हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिणींत अडकलेली गुठळी. ही समजूत चुकीची नाहीं, पण अपुरी आहे. रोहिण्या अगदीं स्वच्छ आहेत, पडदे शाबूत आहेत, रक्तदाब बेताचा आहे, आणि तरीहि हृदय आपलें काम करीनासें झालें आहे, असे रोगी थोडे नसतात. त्यांच्या बाबतींत दोष असतो तो हृदय ज्या मांसाचें बनलेलें आहे त्या स्नायूंतच. अशा रोग्याच्या घरच्या मंडळींना तपासणीनंतर बहुधा एवढेंच कळतें कीं, ‘हृदय मोठें झालें आहे.’ मग आप्तेष्टांत आणखी कोणाचें हृदय ‘मोठें’ झालें होतें आणि त्यास कोणत्या गोळ्यांनीं गुण आला याची चौकशी सुरू होते; कधींकधीं तर त्या गोळ्याच हातीं घेऊन एखादे हितचिंतक दारीं येतात. या शेवटच्या प्रकारांत केवढा धोका आहे हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतु आहे. मोठ्या झालेल्या दोन हृदयांचे रोग परस्परविरुद्ध असूं शकतात, आणि जें औषध एकास तारतें तेंच दुसऱ्यास घेरी आणून पाडूं शकतें.

हृत्स्नायूच्या या विकारांना ‘कार्डिओमायोपथी’ हें नांव लंडनचे डॉ. वॉलेस ब्रिग्डेन यांनीं १९५७ सालीं वैद्यकांत रूढ केलें. पुढें चारच वर्षांनीं, १९६१ सालीं, लंडनच्याच हॅमरस्मिथ इस्पितळांतील डॉ. जॉन गुडविन यांनीं त्यांची वांटणी तीन गटांत केली. पहिल्यांत हृदय फुगतें व सैल पडतें. दुसऱ्यांत त्याची भिंत अवास्तव जाड होते. तिसऱ्यांत तें ताठर बनून पसरेनासें होतें. नंतरच्या संशोधनानें या यादींत भर पडली, पण रोग्याच्या घरच्या माणसांनीं मनांत ठेवण्यास ही तिहेरी वांटणी आजहि पुरेशी आहे.

पहिला प्रकार सर्वांत अधिक परिचयाचा. निरोगी हृदयाचा खालचा डावा कप्पा दर ठोक्यास आपल्यांतील रक्तापैकीं शेंकडा ५५ ते ७० इतकें बाहेर फेंकतो. फुगलेल्या हृदयांत हें प्रमाण ४० च्या खालीं येतें, कधीं २० वरहि उतरतें. जुनी पखाल जशी ताणून ताणून सैल होते, पाणी तर पुष्कळ मावतें पण दाबल्यास धार येत नाहीं, तशी या कप्प्याची अवस्था होते. जिना चढतांना दम लागतो, रात्रीं आडवें पडवत नाहीं, पायांवर सूज येते. कारणें नाना आहेत. कांहीं कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. कधीं विषाणूच्या तापानंतर येतो. कधीं मद्यानें, कधीं कर्करोगावरील विशिष्ट औषधांनीं, तर कधीं ‘ब’ जीवनसत्त्वाच्या अभावानें. आणि पुष्कळदां कितीहि शोधलें तरी कारण हातीं लागत नाहीं. मद्यानें बिघडलेलें हृदय मद्य सुटल्यावर बरेंचसें सांवरतें, आणि जीवनसत्त्वाच्या अभावाचें तर तें सुईनें दिल्यावर कांहीं तासांतच सुधारूं लागतें. कारण शोधण्याचा खटाटोप व्यर्थ नसतो तो यासाठीं.

एके काळीं या रोगावर विश्रांति आणि डिजिटॅलिस यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स येथील डॉ. जॉर्ज बर्च आपल्या रोग्यांस महिनोन्‌महिने अंथरुणास खिळवून ठेवीत. तरीहि निदान झाल्यापासून पांच वर्षांच्या आंत जवळजवळ निम्मे रोगी दगावत. हें चित्र कसें पालटलें याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. हृदय अशक्त झालें आहे, तर त्यास हुरूप येईल असें औषध द्यावें, त्याची गति मंदावणारें औषध चुकूनहि देऊं नये, असा सर्वमान्य दंडक होता. १९७५ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें फिन वागस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अवघ्या सात रोग्यांस नेमकें हेंच निषिद्ध औषध, ‘बीटा-ब्लॉकर’ वर्गांतील, दिल्याचें व त्यांस बरें वाटल्याचें प्रसिद्ध केलें. वैद्यकविश्वानें या वृत्ताकडे वीस वर्षें संशयानेंच पाहिलें. अखेर १९९९ सालीं दोन मोठ्या प्रयोगांनीं, अशक्त हृदयाच्या रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण या औषधानें सुमारें एक-तृतीयांशानें घटतें, असें सिद्ध केलें. थकलेल्या बैलास पराणी टोंचण्याऐवजीं त्याच्या मानेवरील जूं हलकें करावें, असा या उपचारांतील विचार आहे. त्याच्या जोडीस रक्तवाहिन्यांवरील ताण कमी करणारें एनालाप्रिलसारखें औषध (किंवा त्याच्या पुढची, २०१४ सालीं सिद्ध झालेली सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची जोडगोळी), स्पायरोनोलॅक्टोन, आणि मूळचें मधुमेहावरील पण २०१९ पासून हृदयासहि हितकर ठरलेलें डापाग्लिफ्लोझिन, अशीं चार औषधें आज बहुतेक रोग्यांस एकदम चालतात. सूज असेल तर लघवी साफ करणारी गोळी निराळी. लोणचें, पापड आणि ताटांतील वरचें मीठ यांवर बंधन येतें तें याच रोग्याच्या बाबतींत.

या उपचारांनीं पुष्कळांचें हृदय पुन्हा आकुंचूं लागतें, कांहींचें तर तपासणींत अगदीं पूर्ववत् दिसतें. आणि येथेंच घोटाळा होतो. रोगी बरा झाला, मग जन्मभर गोळ्या कशाला, असें घरांतील वडीलधारीं माणसें सहजच म्हणतात. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन इस्पितळांतील संशोधकांनीं हाच प्रश्न पद्धतशीरपणें तपासला व निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध केला. ज्यांचें हृदय पूर्ण सुधारलें होतें अशा ५१ जणांपैकीं निम्म्यांचीं औषधें देखरेखीखालीं हळूहळू बंद केलीं. सहा महिन्यांच्या आंत त्यांच्यापैकीं शेंकडा ४४ जणांचा रोग उलटला. ज्यांनीं औषधें चालू ठेवलीं त्यांच्यांत एकाचाहि उलटला नाहीं. म्हणजे जें सुधारलें तें औषधांच्या आधारावर उभें होतें. तो आधार कोणाचा निर्धास्तपणें काढतां येईल हें आधीं ओळखण्याची खूण अद्याप सांपडलेली नाहीं. हीं औषधें परस्पर बंद करणें हें आमच्या मतें या रोगांतील सर्वांत घातक असें साधें पाऊल होय.

आतां दुसरा प्रकार. १९५८ सालीं लंडनचे शवचिकित्सक डोनाल्ड टेअर यांनीं आठ तरुण व्यक्तींच्या हृदयांचें वर्णन प्रसिद्ध केलें. दोन खालच्या कप्प्यांमधील पडभिंत या सर्वांत विलक्षण जाड झाली होती आणि बहुतेकांस अकस्मात् मरण आलें होतें. निरोगी माणसांत ही भिंत सुमारें एक सेंटिमीटर जाड असते. या रोगांत ती दीड सेंटिमीटरच्या पुढें जाते, कधीं तीनपर्यंतहि. येथें हृदयाचा जोर कमी पडत नाहीं, उलट तें जरूरीपेक्षां जोरानें आवळतें. पण आंतली खोली अरुंद असल्यामुळें रक्त थोडें मावतें, आणि बाहेर पडण्याच्या वाटेंतच फुगलेली भिंत आडवी येते. हा रोग दुर्मिळ समजला जाई. परंतु १९९५ सालीं अमेरिकेंत तरुणांची सरसकट तपासणी झाली तेव्हां सुमारें पांचशें माणसांत एकास तो असल्याचें आढळलें. बहुतेकांस तो असल्याचा आयुष्यभर पत्ताहि लागत नाहीं.

वाट अडलेल्या अशा हृदयांत रक्त जितकें कमी भरेल तितका अडथळा वाढतो, आणि या एका गोष्टींत उपचाराचें सगळें मर्म आलें. लघवीच्या गोळीनें शरीरांतील पाणी कमी होतें. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीनें दाब उतरतो. डिजिटॅलिसनें आवळण्याचा जोर आणखी वाढतो. फुगलेल्या हृदयास उपकारक असलेलीं हीं औषधें अडलेल्या हृदयाची वाट अधिकच अडवितात. छातींत कळ आली म्हणून घरांत आजोबांकरितां ठेवलेली जिभेखालची गोळी अशा एखाद्या तरुणास दिली तर कळ थांबण्याऐवजीं तो जागच्या जागीं मूर्च्छित पडूं शकतो. भर उन्हाळ्यांतील निर्जळी उपवास, पंगतींत पोटभर जेवून लगोलग केलेली धांवपळ, उकिडवें बसलेल्या माणसानें एकदम उठून उभें राहणें, यांनीं या रोग्यास घेरी येते ती त्याच कारणानें. पहिल्या रोग्यास ‘पाणी बेतानें प्या’ असें सांगावें लागतें, दुसऱ्यास ‘पाणी कमी पडूं देऊं नका’ असें. बीटा-ब्लॉकर तेवढें दोघांसहि चालतें, परंतु हेतु भिन्न आहेत: तेथें थकव्यापासून संरक्षण, येथें ठोके मंद करून हृदयास भरण्यास अवकाश.

गोळ्यांनीं भागलें नाहीं तर आडवी आलेली भिंत शस्त्रानें कोरून काढतात. ही शस्त्रक्रिया अमेरिकेंतील डॉ. अँड्र्यू मॉरो यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत सिद्ध केली. दैवदुर्विलास असा कीं, मॉरो यांना स्वतःस हाच रोग होता, आणि त्यांतच १९८२ सालीं त्यांचें निधन झालें. १९९४ सालीं डॉ. उलरिच सिग्वार्ट यांनीं लंडन येथें छाती न उघडतां, सूक्ष्म नळीवाटे त्या भिंतीच्या रक्तवाहिनींत थोडा मद्यार्क सोडून तेवढाच भाग निर्जीव करण्याची युक्ति काढली. मद्यानें हृदय बिघडतें हें वर सांगितलेंच. येथें तोच पदार्थ औषध झाला आहे! २०२२ पासून अमेरिकेंत मॅव्हाकॅम्टेन हें स्नायूच्या आवळण्यावरच लगाम घालणारें पहिलें खास औषध मान्य झालें. तें किमती आहे, आणि लगाम जास्त ओढला गेल्यास हृदय अशक्त होतें म्हणून वारंवार इको तपासणी करीत राहावें लागतें.

दोन्हीं रोगांच्या परिणामांची तुलना करतां, जाड भिंतीचा रोग एकंदरींत सौम्य ठरतो. जुन्या अहवालांत वर्षास शंभरांतून तीन ते सहा रोगी जात असें लिहिलेलें असे. परंतु ते अहवाल मोठ्या इस्पितळांत पोंचलेल्या अत्यवस्थ रोग्यांवरून केलेले होते. आधुनिक उपचारांखालीं हें प्रमाण शेंकडा अर्ध्याच्या आसपास आलें आहे. भीति आहे ती अकस्मात् मृत्यूची, आणि तीहि बहुधा तरुणांत. ज्यांचा धोका अधिक ठरतो त्यांच्या छातींत कातडीखालीं एक विद्युत्‌यंत्र बसवितात. ठोके बेताल होतांच तें आपण होऊन झटका देतें. मिशेल मिरोव्स्की यांच्या कल्पनेंतून साकार झालेलें हें यंत्र १९८० सालीं बाल्टिमोर येथें माणसांत प्रथम बसविण्यांत आलें. जाड भिंतीच्या निवडक रोग्यांस तें निःसंशय वांचवितें. फुगलेल्या हृदयाच्या रोग्यांत मात्र, डेन्मार्कमध्यें १,११६ जणांवर केलेल्या व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, यंत्रामुळें अकस्मात् मृत्यु निम्म्यावर आले तरी एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाहीं. म्हणून शेजारच्या घरीं यंत्र बसविलें आणि आपल्याकडे डॉक्टर ‘नको’ म्हणतात, यांत हेळसांड झाली असें समजण्याचें कारण नाहीं.

तिसऱ्या, ताठर हृदयाच्या प्रकाराचा आपल्या देशाशीं एक विशेष संबंध आहे. हृदयाचें आंतलें अस्तर घट्ट व चिवट होऊन कप्पा पसरेनासा होतो असा एक रोग युगांडांत डॉ. डेव्हिस यांनीं १९४८ सालीं वर्णिला. तोच केरळांतील गरीब वस्तींत, विशेषतः मुलांत व तरुणांत, पुष्कळ आढळे. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेंत डॉ. वलियत्तन यांनीं त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि चिवट अस्तर शस्त्रानें सोलून काढण्याचे उपचारहि केले. मागील कांहीं दशकांत हा रोग तेथें आपोआप विरळ झाला. त्याचें नक्की कारण मात्र सिद्ध झालें नाहीं.

शहरांतील वृद्धांत ताठरपणाचें दुसरें कारण असतें तें ‘अमायलॉइड’ नांवाच्या प्रथिनाचा थर. येथेंहि इकोमध्यें भिंत जाडच दिसते. परंतु ती स्नायूची जाडी नव्हे. चाणाक्ष डॉक्टर तें ई.सी.जी. वरून ओळखतात, कारण भिंत जाड असूनहि लेखांतील रेघा खुज्या निघतात. दोन्हीं हातांच्या बोटांना मुंग्या येऊन मनगटाची शस्त्रक्रिया कांहीं वर्षांपूर्वीं झालेली असणें हीहि एक खूण आहे. याचे दोन मुख्य भेद आहेत. एकांत अस्थिमज्जेचा दोष असतो. तो कर्करोगाप्रमाणें तातडीनें हाताळावा लागतो, नाहींतर हृदयावर परिणाम झालेला रोगी कित्येकदां वर्षहि काढीत नाहीं. दुसरा संथ असून टाफामिडिस या औषधानें आणखी मंदावतो. २०१८ च्या प्रयोगांत अडीच वर्षांत औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २९.५ व न घेणाऱ्यांपैकीं ४२.९ मरण पावले. फुगलेल्या हृदयाचीं नेहमींचीं औषधें या रोग्यांस बहुधा सोसत नाहींत.

जेथें सर्व उपाय थकतात तेथें हृदयाचें आरोपण उरतें. दक्षिण आफ्रिकेंत डॉ. बर्नार्ड यांनीं डिसेंबर १९६७ मध्यें पहिलें आरोपण केल्यावर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्यें, मुंबईंत परळच्या के.ई.एम. इस्पितळांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तें धाडस केलें. रोगी कांहीं तासच जगला. नंतर १९९४ सालीं मेंदूच्या मृत्यूस मान्यता देणारा कायदा झाला आणि त्याच वर्षीं दिल्लींत डॉ. वेणुगोपाल यांनीं देशांतील पहिलें यशस्वी आरोपण केलें. आतां जगभरच्या अनुभवावरून आरोपण झालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक रोगी दहा वर्षांपलीकडे जगतात. हृदयें मात्र मिळत नाहींत, आणि त्यास डॉक्टर काय करणार?

उजव्या कप्प्याच्या स्नायूंत चरबी भरून ठोके बेताल होण्याचा एक प्रकार इटलींत पाडुआ येथें व ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर बारकाईनें अभ्यासला गेला. त्यांत अतिव्यायाम हेंच विष. आणि एक प्रकार जपानी डॉक्टरांनीं १९९० सालीं ‘ताकोत्सुबो’ म्हणून वर्णिला, तो आक्टोपस धरण्याच्या मडक्यावरून. अशा मडक्याप्रमाणें हृदयाचा खालचा भाग फुगतो. पुत्रशोक, अपघात, भूकंप अशा धक्क्यानंतर बहुधा साठीच्या पुढील स्त्रियांस तो होतो. पहिल्या दिवसांत तो जिवावर बेतूं शकतो, पण निभावल्यास कांहीं आठवड्यांत हृदय पूर्ववत् होतें. ‘हाय खाल्ली’ हा आपल्याकडील शब्दप्रयोग अगदींच निराधार नव्हता, एवढें यावरून म्हणतां येईल.

गृहिणींनीं विशेष लक्ष द्यावें असा एक प्रकार मुद्दाम शेवटीं ठेवला आहे. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पांच महिन्यांपर्यंत, पूर्वीं अगदीं निरोगी असलेल्या स्त्रीचें हृदय फुगून अशक्त होतें. दम लागणें, पायांवर सूज, रात्रीं उठून बसावेंसें वाटणें हीं याचीं लक्षणें; आणि हींच लक्षणें थोड्याफार प्रमाणांत कोणत्याहि बाळंतिणीस असतात. त्यामुळें ‘अशक्तपणा आहे’, ‘जागरणें होतात’, ‘बाळंतरोग लागला’ असें म्हणून अमूल्य दिवस जातात. उत्तर नायजेरियांतील झारिया येथें हौसा स्त्रियांत हा रोग फार आढळे. तेथें बाळंतिणीस चाळीस दिवस तापविलेल्या मातीच्या बाजेवर निजवीत, कढत पाण्यानें न्हाऊं घालीत आणि एका सरोवरांतील खारट क्षार पेजेंतून भरपूर देत. त्या चालीचा रोगांत वांटा कितपत याविषयीं मतभेद आहेत, आणि आपल्याकडील शेकशेगडीनें हा रोग होतो असें कोणीं समजूं नये. पण उताणें निजवेनासें झालेल्या बाळंतिणीस शेगडीजवळ निजवून ठेवणें म्हणजे रोगावर पांघरूण घालणें होय. तिला त्याच दिवशीं डॉक्टरांकडे नेऊन इको करवावा.

वेळेवर उपचार झाल्यास या रोगाचें फळ फुगलेल्या हृदयाच्या इतर प्रकारांपेक्षां पुष्कळ चांगलें असतें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासांत वर्षाच्या आंत शेंकडा ७२ स्त्रियांचें हृदय सुधारलें. औषधें पहिल्या प्रकाराचींच. मात्र एनालाप्रिलसारखीं औषधें गर्भास घातक असल्यानें प्रसूतीनंतरच द्यावयाचीं. दूध आटविणारें ब्रोमोक्रिप्टिन हें औषध जर्मनींतील संशोधकांनीं २००७ पासून सुचविलें आहे; त्याविषयीं डॉक्टरांत अद्याप एकमत नाहीं, आणि तें दिल्यास बाळाची वरच्या दुधाची व्यवस्था करावी लागते. खरा प्रश्न पुढें येतो तो दुसऱ्या अपत्याचा. २००१ सालच्या एका अभ्यासांत, हृदय पूर्ण सुधारल्यानंतर पुन्हा गर्भवती झालेल्यांपैकीं एक-पंचमांश स्त्रियांस पुन्हा त्रास झाला, पण मृत्यु एकहि नाहीं. जिचें हृदय पुरतें सुधारलें नव्हतें अशांपैकीं मात्र शेंकडा १९ दगावल्या. अशा सुनेस ‘एक मुलगा होऊं दे’ म्हणून आग्रह करणाऱ्यांनीं हा आंकडा पाहावा. पुढील अपत्याचा निर्णय सासूबाईंनीं अथवा नवऱ्यानें नव्हे, तर त्या स्त्रीनें आपल्या हृद्रोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानें करावयाचा आहे.

आतां राहिला आनुवंशिकतेचा भाग. जाड भिंतीचा रोग बहुधा एकाच सदोष जनुकामुळें होतो. असें पहिलें जनुक १९९० सालीं सांपडलें. आईबापांपैकीं एकाकडे तें असल्यास प्रत्येक अपत्यास, मग मुलगा असो वा मुलगी, तें येण्याचा संभव निम्मा. भारतीयांपुरतें पाहिल्यास, हैदराबादच्या संशोधकांनीं २००९ सालीं असें दाखविलें कीं, हृत्स्नायूच्या एका जनुकांतील २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असण्याचा प्रकार या उपखंडांतील सुमारें शेंकडा चार लोकांत आहे. त्यावेळीं बराच गवगवा झाला. पुढील संशोधनानें मात्र असें दिसलें कीं, बहुतेक धोका त्या गळालेल्या तुकड्याचा नसून कांहीं थोड्या लोकांत त्याच्या जोडीनें येणाऱ्या निराळ्याच दोषाचा आहे. तेव्हां तेवढ्यावरून कोणीं घाबरून जाऊं नये.

घाबरण्यापेक्षां आठवण्याची जरूरी अधिक आहे. आपल्या मोठ्या कुटुंबांत चुलत्यांपासून आतेभावांपर्यंत सर्वांची माहिती आजीस तोंडपाठ असते. विहिरींत पोहतां पोहतां बुडालेला पट्टीचा पोहणारा तरुण, खेळतांना कोसळलेला मुलगा, ‘वारा लागून’ गेलेली बाळंतीण, यांच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात; पण डॉक्टरांपुढें त्या कोणी काढीत नाहीं. लग्न ठरण्याच्या सुमारास तर मूर्च्छेचा इतिहास मुद्दाम झांकला जातो. पत्रिकेंतील गुण मोजण्यांत कसूर न करणाऱ्या मंडळींनीं ही झांकपाक करावी हें नवल आहे, कारण बाळंतपणाचा भार त्याच मुलीच्या हृदयावर पडावयाचा असतो.

घरांत एकास हृत्स्नायूचा आनुवंशिक विकार निघाला म्हणजे त्याचे आईबाप, भावंडें व मुलें यांनीं डॉक्टरी तपासणी, ई.सी.जी. आणि इको करवून घ्यावे. रोग्याच्या रक्तांत सदोष जनुक नक्की सांपडलें असेल तर नातलगांची रक्ततपासणी करतां येते. ज्यांच्यांत तें नसेल त्यांस पुढें काळजी उरत नाहीं. जनुक सांपडलें नसेल, किंवा असूनहि हृदय अद्याप निर्दोष असेल, तर मुलांची व किशोरवयीनांची तपासणी दर एक-दोन वर्षांनीं आणि प्रौढांची दर तीन ते पांच वर्षांनीं करावी. मध्यंतरीं दम, घेरी अगर छातींत धडधड जाणवल्यास त्याआधींच.